फळीवर ठेवलेला शब्द

नव्या तांदळाची टोपली निवडता निवडता दिव्यानीच्या बोटांना गोळ्या लागल्या. एक नाही, दोन नाही, चांगल्या सात.

तिने त्या लगेच ओळखल्या. न ओळखायला काय झालं! रोज जेवण झालं की तीच तर लेकीच्या तळहातावर एक गोळी ठेवत होती आणि पाण्याचा गिलास हातात देत होती. पोरगी गोळी तोंडात टाकायची, दोन घोट पाणी प्यायची आणि बाहेर पळायची. सात दिवस! आणि आपण आंधळ्यासारखे गिलास विसळत बसलो, असं म्हणून दिव्यानीने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

उर्वशीला सिकलसेल. ज्यांच्या घरी हे दुखणं नाही त्यांना सांगून कळत नाही, आणि या भागात ज्यांच्या घरी आहे त्यांना सांगावं लागत नाही. पोरगी पंधरा वर्षांची झाली, पण तिच्या हाडांतल्या कळा दिव्यानीच्या अंगात मुरल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी सरकारी दवाखान्यातून ही रोजची गोळी सुरू झाली आणि दवाखान्यातली दर महिन्याची खेप वर्षातून एकदोनदावर आली. त्या गोळीचे उपकार दिव्यानी प्रार्थनेत मोजत असे. आणि आता ती गोळी तांदळात!

"उर्वशी! इकडे ये आधी."

पोरगी एका वेणीला रिबन बांधून, दुसरी तशीच मोकळी घेऊन आली. आईच्या तळहातावर काय आहे ते तिने पाहिलं. घाबरली म्हणाल तर अजिबात नाही.

"ते प्रभूले वाह्यच्या आहेत, आई."

"काय म्हणते?"

"आज नव्या धान्याचा सण आहे ना. प्रभूनं मले बरं केलं, अशी मी साऱ्यांसमोर साक्ष देणार आहो. काकाजीनं मागच्या आयतवारी सांगतलं, तू बरी झाली, गोळ्या बंद. मंग बऱ्या माणसानं गोळी खाल्ली तं तो अविश्वास नाई का? म्हून रोजची एक एक ठेवली. आपण पहिलं पीक वाह्यतो ना, तशी."

या पोरीला एक ठेवून द्यावी की छातीशी धरावी, हे दिव्यानीला कळेना. चोरी असती तर सोपं होतं. ही तर भक्ती होती, आणि भक्तीला रागवायचं कसं?

काकाजी म्हणजे निकेश, दिव्यानीचा धाकटा दीर. आलापल्लीपासून आत, सागाच्या जंगलाला टेकून असलेल्या कोसमटोल्याच्या ख्रिस्ती मंडळीत ज्याला आत्म्याचं जे दान मिळालं ते सगळ्यांना ठाऊक होतं. कोणाला अन्यभाषा, म्हणजे आत्म्याने भरून अनोळखी भाषेत बोलणं, कोणाला तिचा अर्थ, कोणाला शिकवण्याचं, कोणाला नुसतं पंगतीत वाढण्याचं. निकेशला आजाऱ्यांवर हात ठेवून मागण्याचं दान होतं, आणि ते खरं होतं. दिव्यानीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तापाने फणफणलेली लेकरं त्याच्या हाताखाली शांत झोपत, घोंगड्यात आणलेली माणसं चहा पिऊन पायी घरी जात. आणि हा बाबा कोणाकडून नारळसुद्धा घेत नसे. मागच्या रविवारी उर्वशी गुडघे धरून रडत असताना त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ती उठून उभी राहिली. कोणीतरी मोबाईलमध्ये व्हिडिओ काढला. तो अहेरीपर्यंत फिरला. त्या व्हिडिओत निकेशचा आवाज स्पष्ट होता: आजपासून गोळ्या बंद.

दिव्यानीला त्या दिवशी वाटलं होतं, माणूस भरात बोलतो. घरी कोण मनावर घेणार! पोरीने घेतलं होतं.

"काय कल्ला लावला?" रोशन गळ्यात ढोलक अडकवून आत आला. तिचा नवरा, मंडळीचा गाणारा. आवाज असा की चौथ्या शेतातला बैलही मान वर करी. दिव्यानीने हात पुढे केला. त्याने गोळ्या पाहिल्या, पोरीकडे पाहिलं आणि त्याचा ढोलकवरचा हात खाली आला.

"निकेशले सांगू उपासनेनंतर. घरातल्या घरात."

"घरातल्या घरात कसं? बोलले ते मंडळीत. पोट्टी मंडळीतच साक्ष देणार आहे. आज तिनं साक्ष दिली तं उद्या अजून चार घरी गोळ्या फेकतीन. सिकलसेलवाली काय आपलीच एकटी आहे का?"

"मंग काय करतं?"

"फळी मांगते."

रोशनच्या तोंडचं पाणी पळालं.

फळीचं असं आहे. उन्हाळ्यात विड्यांसाठी तेंदूपत्ता गोळा होतो, तो गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर आणतात; त्या जागेला फळी म्हणतात. तिथे ठेकेदाराचा मुनशी पानांचा एकेक पुडा उलगडून पाहतो, फाटकी पानं बाजूला काढतो. रोशन-निकेशचा बाप लटारू याने तीस वर्षं असे पुडे तपासले, आणि या टोल्यात मंडळी लावली तीही त्यानेच. संदेष्टे दोघातिघांनी बोलावं आणि बाकीच्यांनी पारखावं, असं बायबलात पौलाने लिहिलंय ते त्याने वाचलं आणि म्हणाला, "अरे, हे तं आपल्या फळीसारखंच आहे!" तेव्हापासून कोसमटोल्यात कोणी उपासनेत प्रभूच्या नावाने शब्द दिला आणि कोणाला शंका आली, की तो शब्द फळीवर. बोलणारा पुढे चटईवर मुकाट बसतो, दोघंतिघं बोलतात, आणि मंडळी एकतर 'आमेन' म्हणते नाहीतर 'थांबा'. नियम एकच कडक होता: फळी कोणीही मागावी, पण घरच्याने घरच्याचा पुडा तपासायचा नाही.

लटारू जाऊन नऊ वर्षं झाली. तेवढ्या काळात निकेशचा शब्द फळीवर एकदाही आला नव्हता.

"आपलेच दात, आपलेच ओठ," रोशन म्हणाला. "सख्ख्या भावाले सगळ्यांसमोर चटईवर बसवतं? अन् बोलन कोण? तू बोलू शकत नाई, मी नाई, माय नाई. बाकीचे सारे त्याच्या हाताखालून गेलेले. कोणी तोंड उघडन का? सारे चूप बसले तं आमेनच होते. मंग पोट्टीची गोळी कायमची गेली समज!"

हे मात्र खरं होतं. फळी मागितली नाही तर पोरगी साक्ष देणार, आणि मागितली व कोणी बोललं नाही तर त्या शब्दावर मंडळीचा शिक्का बसणार.

कोपऱ्यात सुगंधाबाई भोपळा चिरत बसल्या होत्या. सासूचं आणि दिव्यानीचं सतरा वर्षांत मिठावरूनसुद्धा एकमत झालं नव्हतं. निकेश तर म्हातारीचा जीव की प्राण. रोशनला वाटलं, आता माय आपल्या बाजूने बोलणार.

"माग," सुगंधाबाई म्हणाल्या.

"माय?"

"तुह्या बापानं फळी काय दुसऱ्याच्या लेकरासाठी केली होती का? माग वं बाई. अन् घाबरू नको. घाबरली तरी माग." आणि त्यांनी भोपळ्याची फोड अशी काही कापली की विषय संपला.

*

चर्च म्हणजे सागाचे आठ खांब, वर पत्रे, खाली सारवलेली जमीन. आज त्या जमिनीवर पाय ठेवायला जागा नव्हती. धानाच्या पेंढ्या, भोपळे, वालाच्या शेंगा, मोहाच्या वाळवलेल्या फुलांची एक परडीसुद्धा. गाणी सुरू झाली तशी दिव्यानीच्या मनातली भीती जरा मागे सरली. या मंडळीचं हे कौतुकच होतं. इथे कोणी गाणं ऐकायला येत नसे, सगळे गायलाच येत.

तिसऱ्या गाण्यानंतर बिरजू उभा राहिला. बिरजू ट्रॅक्टर चालवी आणि एरवी दोन वाक्यं सरळ बोलत नसे. पण आत्म्याने भरला की अन्यभाषेत झऱ्यासारखा बोले. तो बोलला आणि थांबला. सगळ्यांनी मंगलीकडे पाहिलं. मंगली म्हणजे काडीसारखी बारीक, विधवा बाई; अर्थ सांगण्याचं दान तिचं. तिने बराच वेळ डोळे मिटले. मग मान हलवली.

"आज नाई आला," ती म्हणाली.

"अर्थ नाई तं बिरजू, बाकीचं मनात बोल. प्रभूले ऐकू येते," मंडळीचे पाळक गुणवंतराव म्हणाले. बिरजू हसत खाली बसला. त्याला राग नाही, तिला लाज नाही. भरल्या मंडळीत 'मला आलं नाही' म्हणणं किती अवघड! बाहेरची माणसं अन्यभाषा ऐकून थक्क होत. दिव्यानी थक्क होई ती या गोष्टीने.

मग गुणवंतराव म्हणाले, "साक्ष?"

उर्वशी टोपली घेऊन उठली; त्या सात गोळ्या तिने पुन्हा तांदळावर ठेवल्या होत्या. तिच्या आधी दिव्यानी उठली.

"पाळकसाहेब, मी फळी मांगते."

ढोलक वाजता वाजता अर्धवट थांबला.

"कोणाच्या शब्दावर?"

"निकेशभाऊंच्या. मागच्या आयतवारी माह्या पोरीले म्हणाले, गोळ्या बंद. पोरीनं बंद केल्या. तो शब्द प्रभूचा आहे का, ते मंडळीनं पाहावं."

कुजबुज उठली. बायकांच्या रांगेतून कोणीतरी "बापा, बापा!" म्हटलं. भावजयीने दिराला उघडं पाडलं, हा हा म्हणता ही गोष्ट चार गावं जाणार, हे दिव्यानीला उभ्या उभ्या दिसलं. उर्वशी तिच्याकडे अशी बघत होती, जसं काही आईनेच तिच्या पाठीत सुरी खुपसली.

निकेश मागे आजाऱ्यांच्या रांगेजवळ बसला होता. गुणवंतरावांनी हाक मारायच्या आत तो उठला, पुढे आला, चटई स्वतःच्या हाताने पसरली आणि मान खाली घालून बसला. चेहरा उतरला होता, पण एक शब्द त्याने उच्चारला नाही. याला म्हणतात घरचं वळण!

"कोण पारखते?" गुणवंतरावांनी विचारलं.

कोणी बोललं नाही. बिरजूने खाली पाहिलं. त्याची माय निकेशच्याच प्रार्थनेने बिछान्यातून उठली होती. दुसऱ्या रांगेतला म्हातारा नुसताच खोकला. रोशन ढोलकच्या दोऱ्या उगाच ओढत होता. सुगंधाबाई ताठ बसल्या होत्या, ओठ घट्ट मिटून. त्यांना बोलायचं होतं हे दिव्यानीला दिसत होतं, आणि नवऱ्याचा नियम त्या मोडणार नाहीत हेही.

"दुसऱ्यांदा विचारतो," गुणवंतराव म्हणाले.

तिसऱ्यांदा विचारलं की संपलं. दिव्यानीने डोळे मिटले. प्रभू, एक माणूस उठव. एकच.

"मी बोलते," मंगली म्हणाली.

ती खांबाला धरून उभी राहिली आणि सरळ निकेशसमोर आली.

"मले टीबी झाली होती, तवा माह्या घरचे मले परसात ठेवत. हा निकेश आला, माह्या डोस्क्यावर हात ठेवून रडला, प्रार्थना केली. त्या दिवसापासून माहं मरणाचं भेव गेलं. ते दान प्रभूचं. त्याच्याविरुद्ध कोणी बोललं तं मी भांडन." तिने श्वास घेतला. "पण मंग काय झालं, ते हा कोणाले सांगत नाई. मी सांगते. सहा महिने, रोज सकाळी, हा सायकलनं माह्या दारी येई. 'मंगलीबाई, गोळी घ्या,' म्हणे. मी तोंडात टाकली तरी जाये नाई. 'आ करा,' म्हणे. गिळली का नाई ते पाही! पाण्यापावसात, नाल्याले पूर असला तरी. तवा कुठी म्हटलं यानं, गोळी बंद?"

कोणीतरी हळूच हसलं. निकेशचे खांदे हलले.

"प्रार्थना प्रभूची होती. पोरीचं दुखणं तवा थांबलं, तेबी प्रभूचं. पण ते गोळीचं वाक्य," मंगली म्हणाली, "ते निकेशचं होतं. उचलली जीभ, लावली टाळ्याले. मले असं वाटते. मी बसते."

मग मात्र कोंडी फुटली. बिरजू उठला आणि तीनच शब्द बोलला, "हो. असंच आहे." म्हातारा म्हणाला, त्याला तर निकेशनेच मोटारसायकलवर बसवून डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं होतं. गुणवंतरावांनी मंडळीला विचारलं. प्रार्थनेवर सगळ्यांचं आमेन आलं, पत्रे हादरतील असं. वाक्यावर सगळे एका आवाजात म्हणाले, "थांबा."

दिव्यानीला वाटलं, सुटलो. तेवढ्यात उर्वशी ओरडली.

"मंग मी बरी नाई झाली का? काकाजी, तुमीच सांगा! मी आता गोळी खाल्ली अन् ज्यानं बरं केलं त्यालेच राग आला तं?"

मंडळीचा निकाल लागला होता, पण पोरीचं मन कुठे वळलं होतं! ती टोपली पोटाशी घट्ट धरून उभी होती. या क्षणी जगात एकाच माणसाचं ती ऐकणार होती.

निकेशने गुणवंतरावांकडे पाहिलं. त्यांनी बोलायची खूण केली. तो उठला नाही. चटईवरूनच, गुडघ्यांवर चालत पुतणीपर्यंत आला.

"बेटा, चुकलो मी. त्या दिवशी चार जीपा भरून लोकं आले होते. सारे पाहून राह्यले होते. पण ते कारण नाई. कारण तू आहेस. मले वाटलं, दुनियेच्या लेकरांसाठी मांगतो, आपल्या घरच्या लेकरासाठी थोडं जास्त मांगू. तुह्यं रडणं मले पाह्यवत नाई वं. मांगता मांगता मी सांगूनच टाकलं. प्रभूनं सांगतलं नव्हतं. मी सांगतलं."

"मंग मी बरी आहो का नाई?"

"मले माहीत नाई." हे तो सगळ्यांसमोर म्हणाला, ज्याच्याकडे लोक कोसावरून उत्तर मागायला येत. "त्या दिवशी दुखणं थांबलं, एवढं खरं. बाकीचं दवाखान्यात रक्त पाहून डॉक्टर सांगन. प्रभू तुह्यावर रागावत नाई. गोळीवर रागावला असता तं मंगलीबाई आज इथी उभी असती का? मी तुह्यासाठी रोज मांगीन. अन् तू रोज गोळी घे. आ कर म्हणाले येतो पाह्यजे तं."

उर्वशी रडता रडता हसली. तिने टोपलीत हात घातला.

"साऱ्या एकदम नाई!" दिव्यानी किंचाळली. "एकच! अन् त्या नको, घरच्या पाकिटातली घे, माह्या पदराले बांधली आहे!" साऱ्या बायका खो-खो हसल्या. रोशन स्वतः पाणी घेऊन आला. पोरीने गोळी गिळली, आणि कोणी सांगितलं नसताना तोंड उघडून काकाजीला दाखवलं.

निकेश उठला. त्याने चटई गुंडाळली.

"मंडळी, मी आजपासून मांगं बसतो," तो म्हणाला. "कोणाच्या डोस्क्यावर हात ठेवत नाई. माहा मलेच भरोसा राह्यला नाई."

मागच्या रांगेत घोंगडी अंथरून बसलेली, लांबून आलेली माणसं एकमेकांकडे पाहू लागली. गुणवंतराव काही बोलणार, तोच सुगंधाबाईंनी हात वर केला.

"दिव्यानी. त्याच्यावर हात ठेव."

"मी?" दिव्यानी म्हणाली. "आत्याबाई, मले कुठी येते? माह्याजवळ कोणतं दान आहे?"

"मी तुले दान विचारलं का? हात ठेव म्हटलं."

दिव्यानी पुढे गेली. सतरा वर्षांत ती मंडळीत मोठ्याने एकदाही प्रार्थना बोलली नव्हती. निकेश पुन्हा गुडघ्यांवर बसला, आणि तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हा पहिल्यांदा तिला जवळून दिसलं. चाळिशीतल्या माणसाचे केस पांढरे झाले होते. मानेच्या शिरा वर आल्या होत्या. डोळ्यांखाली काळं पडलं होतं. दहा वर्षं सारा मुलूख या माणसाच्या हाताखाली येत होता, आणि याच्या डोक्यावर कोणी हात ठेवलाय असं तिला एकदाही आठवेना. तिने स्वतःसुद्धा नाही. मोठमोठे शब्द तिला आलेच नाहीत.

"प्रभू," ती म्हणाली, "माहा देर थकला आहे. आजाऱ्यांच्या गर्दीत दोन दिवसांपासून धड जेवला नाई, मले माहीत आहे. सारे याले मांगतात. याच्यासाठी कोणी मांगलं नाई, मीबी नाई. याले जेवू दे. झोपू दे. याचं दान याच्याजवळ राहू दे, अन् आमाले याच्याजवळ राहू दे."

एवढंच. ती हात तसाच ठेवून उभी राहिली. निकेशने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो लहान पोरासारखा मोठ्याने रडू लागला, आणि कोणीही त्याला उगी म्हटलं नाही.